टेबलावर एकच डबा

मित्रांनो, मला बघून तुम्ही भाजीवाल्याचा तराजू म्हणाल, तर मी रागावणार नाही. पण मी भाजी कधी मोजली नाही. मी एक जुना, एका पारड्याचा, लोखंडी बुडाचा छोटा तराजू आहे. काडतुसात भरायची दारू मी मोजतो. गुंजेच्या विसाव्या भागाचाही फरक पडला तरी माझी दांडी हलते. मला एवढं नेमकं घडवलं, याचा मला फार अभिमान होता. त्या अभिमानाचं पुढे काय झालं, तेच सांगायला बसलोय.

कारखान्यातून निघालो तो थेट बर्फाळ डोंगरांमधल्या लेम्हाय खोऱ्यात, व्हर्ल ॲशक्राफ्टच्या शेडमध्ये आलो. व्हर्ल तेव्हा तिशीत होता. त्याच्याकडे पाच घरांचं, मोठ्या तोंडाचं रिव्हॉल्वर होतं आणि तो त्यानेच शिकार करायचा. एल्क म्हणजे घोड्याएवढं हरीण. ते रिव्हॉल्वरने मारायचं तर अगदी जवळ जावं लागतं आणि काडतूस भरवशाचं लागतं. दुकानाच्या काडतुसावर व्हर्लचा विश्वास नव्हता. "माझी गोळी मीच भरणार," म्हणायचा, आणि पहिल्याच दिवशी त्याने मला खिडकीखाली बसवलं.

खरा प्रश्न असायचा दारू कुठली निवडायची हा. व्हर्लकडे दोन होत्या आणि त्याने त्यांना नावं ठेवली होती. एक उतावळी. ती क्षणात पेटून संपायची, म्हणून चिमूटभरच घालायची. तिची काडतुसं डबडी उडवायच्या सरावाला. दुसरी दमाची. ती सावकाश जळत जड गोळीला नळीच्या तोंडापर्यंत ढकलत न्यायची, म्हणून ती पुष्कळ लागायची. तिची काडतुसं शिकारीला. दोघी दिसायला करड्याच. पण दमाचीच्या मापाने उतावळी भरली, तर चाप ओढताच रिव्हॉल्वर हातात फुटतं. बोटं जातात, डोळे जातात, कधी माणूसही जातो.

म्हणून व्हर्लने भिंतीवर पाटी ठोकली होती: 'टेबलावर एकच डबा'. दारू ओतायचं एक चाडं होतं, पेरणीच्या चाड्यासारखंच, फक्त काचेचं आणि खाली तोटी असलेलं. त्यात जी दारू असेल तिचा डबा शेजारी उभा राहणार, आणि चाडं रिकामं झाल्याशिवाय तो हलणार नाही. चाड्यात काय आहे ते डबाच सांगायचा. शेजारच्या लामारने एकदा स्वतःचा डबा त्या टेबलावर टेकवला होता.

"लामार, डबा उचल, नाहीतर तू तरी ऊठ."

"अरे लेका, दोन मिनिटं टेकवलाय. तिथे संसार नाही थाटला मी."

"मग दोघंही उठा."

लामार हसत उठला, पण उठला. चाळीस वर्षं त्या शेडमध्ये चूक झाली नाही. व्हर्ल सगळ्यांना सांगायचा, "माझा तराजू म्हणेल ते खरं." मित्रांनो, हे ऐकून मी सुखावायचो. तेव्हाच मला भीती वाटायला हवी होती.

बायको आयोन गेल्यावर व्हर्ल हळूहळू विसरायला लागला. त्या वर्षी बर्फ वितळायच्या आधीपासून मला ते कळलं होतं. एकच माप तीन-तीनदा माझ्यावर घालायचा आणि पुटपुटायचा, "हे झालं होतं का?" हे त्याने कुणालाच कळू दिलं नाही. कळलं असतं तर लोकांनी शेडला कुलूप लावलं असतं. त्याच्या डोळ्यांवर मोतीबिंदूचा पडदाही आला होता, आणि तोही तो दडवत होता.

त्याच वर्षी त्याच्या मुलीला, ट्वायलाला, शिकारीचा परवाना मिळाला. ट्वायला शाळेची बस चालवते. अकरा वर्षं परवान्याच्या सोडतीत चिठ्ठी टाकत होती, तेव्हा कुठे नाव निघालं. बाबांचं रिव्हॉल्वर, बाबांनी भरलेली वीस काडतुसं आणि वरच्या रानात चार दिवस, एवढंच तिला हवं होतं.

ऑक्टोबरातली ती सकाळ. व्हर्लने आधी सरावाची काडतुसं भरली. चाड्यात उतावळी होती आणि शेजारी तिचा डबा. तेवढ्यात घरात फोन वाजला आणि तो उठून गेला. ट्वायला जेवण घेऊन आली. टेबल बघून तिला वाटलं, बाबांना आता आवरायला होत नाही. तिने प्रेमाने टेबल पुसलं, डबा उचलून वरच्या फळीवर ठेवला आणि बाबांना जेवायला बोलवायला गेली. चाडं अर्धं भरलेलं तसंच राहिलं. भिंतीवरची पाटी तिने लहानपणापासून हजारदा वाचली होती. तिला वाटायचं, ती पाटी पसारा नको म्हणून आहे.

जेवून व्हर्ल परतला. शिकारीची काडतुसं भरायची म्हणून त्याने दमाचीचा डबा खाली काढला आणि चाड्याशेजारी ठेवला. मग चाड्याकडे बघितलं. "भरलंय वाटतं मी," म्हणाला आणि कामाला लागला.

मित्रांनो, त्या दुपारी माझं काय झालं ते कसं सांगू? पारड्यात उतावळी पडत होती आणि वजन दमाचीचं लागत होतं. दरवेळी माझी दांडी डुलून बरोबर रेघेवर थांबायची. मला ओरडायचं होतं. निदान एकदा तरी खोटं दाखवावं, म्हणजे तो थांबेल, असं जिवाच्या आकांताने वाटत होतं. पण मला वजनच तेवढं सांगता येतं. वीस वेळा मी बरोबर सांगितलं.

दारू भरलेल्या पितळी पुंगळ्या लाकडी ठोकळ्यात उभ्या केल्यावर व्हर्लने हाक मारली. "ट्वायला, बॅटरी घे आणि बघ गं, सगळ्या सारख्या भरल्यात ना?"

तिने एकेकीत प्रकाश टाकून बघितलं. "अगदी सारख्या, बाबा. तुमचा हात अजून तसाच आहे."

सारख्याच होत्या. वीसही चुकीच्या.

व्हर्लने पहिली गोळी पुंगळीत बसवायला दाबयंत्राचा दांडा ओढला आणि थबकला. उतावळी अंगाने हलकी, तेवढ्याच वजनाला जास्त जागा खाते. त्यामुळे गोळीखाली ती दाबली गेली आणि त्याच्या हाताला किंचित करकर लागली. अशी करकर त्याच्या हाताला चाळीस वर्षांत लागली नव्हती. त्याने डब्याकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं.

"तराजू तर बरोबर म्हणतोय," तो म्हणाला, आणि उरलेल्या एकोणीस बसवल्या.

माझ्या शब्दाचा एवढा तिटकारा मला कधी आला नव्हता. खोक्यावर त्याने दमाचीचं नाव लिहिलं. ट्वायलाने खोकं कोटाच्या खिशात घातलं, त्याच्या टकलावर ओठ टेकले आणि ती गाडीकडे गेली. गाडी सुरू झाल्याचा आवाज आला.

व्हर्ल हात चोळत उभा होता. त्याच्या हाताला ती करकर आठवत होती, डोक्याला मात्र काही आठवत नव्हतं. चाड्यातली चिमूट तळव्यावर घेऊन त्याने डोळ्यांजवळ नेली. त्याला काही दिसेना. मग तो धावला, ऐंशीकडे झुकलेला माणूस जसा धावेल तसा.

"ट्वायला, थांब. थांब गं."

"काय राहिलं, बाबा?"

"ते खोकं दे इकडे."

"का? उशीर होतोय मला."

त्याने गाडीचं दार धरून ठेवलं. "चाड्यात काय होतं, मला आठवत नाही."

"असं काय करता? डबा समोरच होता की."

"तो मी जेवून आल्यावर ठेवला. त्याआधी कुठला होता, ते आठवत नाही."

ट्वायलाने गाडी बंद केली. ती खाली उतरली. "आधीचा मी वर ठेवला, बाबा. टेबल पुसताना." मग हळूच म्हणाली, "हे विसरणं कधीपासूनचं?"

"बर्फ होतं तेव्हापासून."

दोघं पायरीवर बसून रडली. मग एकेक काडतुसातली गोळी उपसून ते रिकामं केलं. काय आहे ते ठाऊक नसलेली दारू कुठल्याच डब्यात परत घालत नाहीत. त्यांनी ती आयोनच्या गुलाबांच्या वाफ्यात पसरून टाकली. ट्वायला त्या वर्षी रानात गेलीच नाही. व्हर्लही टेबलाशी पुन्हा बसला नाही. मला फ्लॅनेलमध्ये गुंडाळलं गेलं आणि पाच वर्षं मी तसाच अंधारात होतो. दांडीवर गंज चढला.

मागच्या महिन्यात ट्वायलाने मला उघडून पुसलं. व्हर्लला चाकांच्या खुर्चीत बसवून आणलं होतं. त्याने माझ्या पारड्याला बोट लावलं.

"हे काय आहे गं?"

"तराजू, बाबा. तुमचाच."

"बरोबर सांगतो का?"

मित्रांनो, मी वाट बघत राहिलो.

"वजन बरोबर सांगतो," ती म्हणाली. "बाकीचं आपण सांगायचं."

तुमच्या घरातही माझ्यासारखं कुणीतरी नेमकं बोलणारं असेल. त्याला जपा, पण त्याला विचारून मोकळे होऊ नका. शेजारचा डबा हलवू नका. आणि घरातलं म्हातारं माणूस "मला आठवत नाही" म्हणालं, तर त्याच्यावर हसू नका. हे तीन शब्द म्हणायला व्हर्लला किती जड गेले ते मी बघितलंय, आणि ते मला मोजता आलेले नाहीत.