एक वाजताची नोंद

मी रागीट आहे हे आमच्या हॉस्पिटलात येणाऱ्याला पहिल्या पाच मिनिटांत कळतं. रोज जुन्नरहून एसटीने येते, लहान मुलांचा बारा खाटांचा वॉर्ड सांभाळते आणि पेशंटच्या खाटेवर ऐसपैस बसलेल्या मामा-काकांना दंडाला धरून उठवते. पिशवीत बिस्किटांचे पुडे दडवून आणणाऱ्या आज्या मला बघितलं की पदर सावरायला लागतात. "रुमाना सिस्टर म्हणजे लवंगी मिरची," असं आमचे डॉक्टरच हसून सांगायचे.

त्या आठवड्यात मात्र त्यांना हसू येत नव्हतं. मी एका पेशंटच्या चुलत्याला झापत होते त्याचा कुणीतरी व्हिडिओ काढला आणि गावाच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'शिकलेल्या बाया गरिबाशी कशा बोलतात बघा.' त्या गृहस्थाने दोन दिवस उलट्या होणाऱ्या पोराला गरम वडापाव भरवला होता, ते काही व्हिडिओत नव्हतं. डॉक्टरांनी केबिनमध्ये बोलावलं. म्हणाले, "सिस्टर, थोडे दिवस गोड बोला. लोक बिचकायला लागलेत." माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. पण घर माझ्या पगारावर चालतं. म्हटलं, गोड तर गोड.

अशा दिवसांत, मंगळवारी सकाळी सहाच्या सुमाराला, वृषाली तिच्या लेकीला घेऊन आली. आणे गावाहून, शेजाऱ्याच्या गाडीतून. लेकीचं नाव अक्षदा, वय नऊ. महिनाभर पोरगी तांब्यामागून तांब्या पाणी पीत होती, अंगावरचे कपडे ढगळ झाले होते, एवढी मोठी होऊन अंथरूण ओलं करते म्हणून तिने मारही खाल्ला होता. तीन दिवसांपासून उलट्या आणि पोटदुखी. आता श्वास असा चालला होता की जणू घाट पळत चढून आली आहे. बोटाला टोचून साखर बघितली तर साडेपाचशेच्या वर. लहानपणीच जडणारा डायबेटिस, आणि त्यात रक्तात आम्ल साठलेलं.

डॉक्टरांनी हळू चालणाऱ्या पंपावर इन्सुलिन सुरू केलं, सलाईनही बेताबेताने. मग वृषालीला समोर उभं करून समजावलं. "साखर उतरली म्हणजे सुटलो असं नाही, ताई. ती उतरत असतानाच कधी कधी मेंदूला सूज येते. म्हणून दर तासाला तिला जागं करायचं, बोलतं करायचं, डोकं दुखतंय का विचारायचं. गाढ झोपलेली असली तरी उठवायचं."

वृषालीने मान हलवली. डॉक्टर बोलले की लोक मान हलवतातच. एरवी डॉक्टरांची पाठ वळली की मी त्या आईला विचारते, "काय कळलं ते मला सांग बघू." दोन-तीनदा वदवून घेते, चुकली तर रागावते. त्या दिवशी मी नुसती हसले आणि तिच्यासाठी चहा मागवला.

सात, आठ, नऊ. दर तासाला बोटाला सुई, नाडी, बीपी, लघवीचं माप आणि प्रश्न. नाव काय? शाळा कोणती? डोकं दुखतं का? अक्षदा रडायची, पण उत्तरं द्यायची. दहा वाजता तर तिने मलाच विचारलं, "तुमी सारखं तेच का विचारता?" मला बरं वाटलं. अशी उलटून बोलणारी पोरं तरतात. अकराला साखर अडीचशेच्या खाली आली, ठरल्याप्रमाणे आम्ही ग्लुकोजची बाटली लावली. श्वासही शांत व्हायला लागला होता.

बाराला उठवलं तेव्हा ती चिडली. नाव सांगितलं, "झोपू द्या ना," म्हणाली आणि कूस बदलली. डोक्याचं विचारल्यावर नुसता हात झटकला. वृषाली माझ्यामागे दारापर्यंत आली.

"बाई, तीन रात्री तिचा डोळ्याला डोळा लागला न्हाई. आता कुठं झोप लागलीय. नका ना तरास देऊ."

"ताई, मलाही वाईट वाटतं," मी म्हटलं. "पण उठवावं लागतं." इतक्या मऊ आवाजात म्हटलं की माझं मलाच नवल वाटलं.

एक वाजता गेले तर वृषालीने ओठांवर बोट ठेवलं. अक्षदा उताणी झोपली होती. बामाचा वास आला. पोरीच्या कपाळावर बाम चकाकत होता. कपाळाला बाम कशाला, हे विचारायला हवं होतं. शब्द तोंडाशी आले होते.

"आत्ता दोन मिन्टांपूर्वी बोलली की," वृषाली कुजबुजली. "पानी मागितलं. चमचाभर दिलं. नाव पन सांगितलं, मीच इचारलं."

मी बोटाला सुई टोचली. पोरीने बोट मागे घेतलं नाही. सकाळपासून दर वेळी हात ओढून घेणारी पोरगी, तिने साधी भुवईसुद्धा हलवली नाही. वृषालीच्या चेहऱ्यावर हसू आलं. "बघा, कळलं पन न्हाई तिला. किती दिसांची झोप राहिलीय."

साखर दोनशे दहा. नाडी सकाळी एकशेतीस होती, ती आता ब्याऐंशी. झोपेत नाडी उतरते, मी मनाशी म्हटलं. सतरा वर्षं हे काम करते. मेंदूला सूज आली तरी नाडी अशीच उतरते, ब्याऐंशी बघून मी धावत सुटायला हवं होतं. त्या पोरीला गदागदा हलवायला हवं होतं, आणि आई मध्ये आली असती तर आईला बाजूला ढकलायला हवं होतं. मी तक्त्यावर लिहिलं, 'एक वाजता, बोलते, तक्रार नाही.' आणि पाय न वाजवता बाहेर आले.

दोनला काही मिनिटं कमी असताना वृषालीची हाक आली. अक्षदाला झोपेतच उलटी झाली होती. मी हाका मारल्या, छातीचं हाड दाबलं, कानाची पाळी चिमटली. काही नाही. पापणी उचलून बॅटरी मारली तर उजव्या डोळ्याची बाहुली मोठी झालेली, उजेडाने ती आकसेना. नाडी चोपन्न.

डॉक्टर पळत आले. डोकं उंच केलं, सूज उतरवायचं औषध धावत्या थेंबांनी सोडलं, श्वासाची नळी घातली. मग एका हाताने नळीला जोडलेला हवेचा फुगा दाबत दुसऱ्या हाताने पुण्याच्या मोठ्या हॉस्पिटलला फोन लावला. तिकडून विचारलं असावं, शेवटची शुद्धीत कधी होती. त्यांनी तक्ता ओढून वाचलं. "एकला व्यवस्थित बोलत होती."

वृषाली भिंतीला टेकून उभी होती. तिने माझ्याकडे बघितलं.

"नाही सर," मी म्हटलं. "एकला मी तिला उठवलं नाही. बाराला बोलली ती शेवटची. आणि तेव्हाही चिडचिडी होती."

डॉक्टर फोनमध्ये म्हणाले, "करेक्शन. बारा." ती नोंद मी खोडली नाही. खाली तांबड्या पेनाने लिहिलं, 'प्रत्यक्ष विचारलं नाही,' आणि सही केली.

अँब्युलन्समध्ये मी होते. मंचर गेलं, खेड गेलं, चाकणला गाड्यांच्या रांगेत अडकलो. मी फुगा दाबत होते, वृषालीने लेकीचे दोन्ही तळपाय हातांत धरले होते. मध्येच ती म्हणाली, "बाराला डोकं दुखतंय म्हनली व्हती. तुमी गेल्यावर. मी बाम लावला. सांगितलं आसतं तर तुमी परत टोचलं आसतं." फुगा दाबायचं थांबता येत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी अक्षदा गेली. डॉक्टर मला रागावले नाहीत. मीही त्यांना व्हिडिओची आठवण करून दिली नाही. आम्ही दोघं एकमेकांच्या डोळ्यांत बघायचं टाळतो, एवढंच.

पंधरा दिवसांनी मी आण्याला गेले. कशाला, हे घरीही सांगता आलं नाही. माफी मागायची होती, इतकंच ठाऊक होतं. पडवीत पाच-सात बायका बसल्या होत्या. वृषालीच्या सासूने, सखूबाईने, मला ओळखलं. पहिल्या दिवशी दुपारपर्यंत ती वॉर्डाच्या बाहेर बसून होती. माझा हात धरून तिने मला बायकांमध्ये बसवलं.

"ह्या त्या सिस्टर," तिने सगळ्यांना सांगितलं. "लई मायाळू. येका शब्दानं बोलली न्हाई आमाला. पोरीला शेवटची झोप तरी निवांत घेऊ दिली बाईनं."

बायका माना हलवू लागल्या. एकीने माझ्यापुढे पाण्याचा तांब्या सरकवला. तो मी तसाच राहू दिला.

वृषाली चुलीपाशी होती. चहा घेऊन आली, माझ्यासमोर उकिडवी बसली आणि कप हातात देताना फक्त मला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "सिस्टर, तुमी त्या दिशी रागवायला पायजे व्हतं मला."

"हो," मी म्हटलं.