भोंग्याच्या आईचा कायदा

पोराचं कागदोपत्री नाव काहीही असो, गल्लीत सगळे त्याला भोंग्याच म्हणायचे. तान्हा असताना रडायला लागला की पलीकडच्या घरातल्यांच्या कानठळ्या बसायच्या. मोठा झाला तरी तेच. जिन्याच्या खालच्या पायरीवरूनच "आई, भूक!" असं ओरडत वर यायचा. असा हा पोरगा एका दुपारी आपल्या खोलीत हूं की चूं न करता हे जग सोडून गेला. कुणीतरी दिलेली नशेची पावडर. तिच्यात आणखी काय मिसळलं होतं, देव जाणे.

त्याच्या आईची कोपऱ्यावर लॉन्ड्री होती. नवरा आधीच गेलेला. ती पावडर सीमेपलीकडून ट्रकांत दडवून येते आणि नाक्यावर एखादाच ट्रक उघडून पाहतात, हे कळलं तेव्हा बाईंनी कंबर कसली. येणारा प्रत्येक ट्रक आरपार बघणारी यंत्रं नाक्यानाक्यावर लागलीच पाहिजेत, असा कायदा हवा म्हणून त्या हात धुऊन मागे लागल्या. एक वकीलबाई सोबतीला मिळाल्या. दोघींनी मिळून किती कचेऱ्यांत चपला झिजवल्या, त्याला गणती नाही.

प्रत्येक समितीपुढे बाई भोंग्याच्या शेवटच्या दुपारची हकिगत सांगायच्या. दार कसं ठोठावलं, कडी कशी तोडली. सांगून सांगून ती हकिगत गुळगुळीत झाली होती. एकदा बाहेर आल्यावर वकीलबाई म्हणाल्या, "कडी तुटली म्हणता ना, तिथे जरा थांबत जा. तिथे सगळे कान टवकारतात." बाई पुढच्या वेळी थांबल्या. सगळ्यांनी कान टवकारले. त्या रात्री त्यांना जेवण गेलं नाही.

शेवटी कायदा झाला. आठवडाभर फोनला उसंत नव्हती, मग तो वाजेनासाच झाला. वकीलबाईंना दुसरं काम मिळालं, कसल्याशा दूषित पाण्याचं. त्या तरी काय करणार? पण इतकी वर्षं रोज सकाळी "आज कुठे जायचं?" असं विचारणारं कुणीतरी होतं. आता इस्त्री गरम व्हायची, कपडे व्हायचे, आणि दुकान बंद करून वर गेलं की घर खायला उठायचं.

म्हणून नाक्यावरचं यंत्र सुरू करायच्या कार्यक्रमाचं बोलावणं आलं, तेव्हा बाई चांगली साडी स्वतः कडक इस्त्री करून नेसल्या. वकीलबाईंनी गाडीतून नेलं. मंत्र्यांनी फीत कापली, टाळ्या झाल्या, आणि रांगेतले ट्रक एकेक करून त्या भल्यामोठ्या कमानीखालून सरकू लागले. बाईंना पडद्यासमोर खुर्ची दिली होती. ट्रकाच्या पोटातलं सगळं करड्या सावल्यांत दिसत होतं. सायकली, फरशांच्या चळती, मग एका ट्रकात सोफे. त्यातल्या एका सोफ्याच्या पाठीत काळाकुट्ट चौकोन होता.

"थांबवा!" तपासणी अधिकारी ओरडली.

सोफा फाडला. आतून पुडकी निघाली. खोलीत एकच जल्लोष झाला, कुणीतरी बाईंचा हात हातात घेऊन गदागदा हलवला. बाई खिडकीतून बघत होत्या. ड्रायव्हर पिकल्या केसांचा होता. एका पायात चप्पल, दुसरी हातात. "साहेब, मी फक्त गाडी चालवतो हो," एवढंच तो पुन्हापुन्हा म्हणत होता. आता आनंद होईल म्हणून बाई वाट बघत राहिल्या. झाला नाही.

वकीलबाईंना पुढची बैठक होती. "मी बसने जाईन," बाई म्हणाल्या. वकीलबाईंना हायसं वाटलेलं त्यांना दिसलं.

बसथांब्याजवळच्या पत्र्याच्या शेडमध्ये आणखी एकच बाई बसली होती, मांडीवर पुरुषाचा स्वेटर. त्याच ड्रायव्हरची बायको. मुलं लांब राहतात, घरात एकटीला करमत नाही, म्हणून नवऱ्याबरोबर ट्रकातून फिरायची.

"तुमचंही कुणी आत आहे का?" तिने विचारलं.

खोटं बोलणं सोपं होतं. पण बाई म्हणाल्या, "नाही. माझा मुलगा असल्याच पावडरीनं गेला. ते यंत्र यावं म्हणून मीच खटपट केली."

ड्रायव्हरच्या बायकोने मान फिरवली. मग म्हणाली, "आमच्या ह्यांना खरंच माहीत नव्हतं. पण तुम्हाला तरी कसं पटावं?" स्वेटरची घडी सारखी करत तिने विचारलं, "कसा होता हो तुमचा मुलगा?"

बाई गडबडल्या. तो कसा गेला, हे सगळ्यांनी विचारलं होतं. कसा होता, हे कुणीच नाही. बोलायला तोंड उघडलं तर त्यांना कळेना, सुरुवात कुठून करावी. "आवाज फार मोठा त्याचा," त्या म्हणाल्या. "सिनेमाला नेलं की लाज आणायचा. हसायचा असा, की पुढचे लोक पडदा सोडून मागे बघायचे." आणि त्या बोलत गेल्या. कुठेही न थांबता, कुणी कान टवकारलेले नसताना.

तेवढ्यात शिपाई आला आणि ड्रायव्हरच्या बायकोला आत घेऊन गेला. स्वेटर छातीशी धरून ती गेली. मागे वळून पाहिलं नाही. बस आली तेव्हा बाई एकट्याच चढल्या.

पुढे खटला उभा राहिला. बाई एकदा दुकान बंद ठेवून कोर्टात जाऊन मागच्या बाकावर बसल्या. माल कुणी भरला ते उघडकीला आलं होतं, ड्रायव्हर सुटला. बायको आणि दोन धिप्पाड मुलं त्याला मधे घेऊन बाहेर निघाली. दारात तिची नजर बाईंवर पडली. तिने हलकेच मान हलवली आणि घरच्यांबरोबर जिना उतरून गेली.

तिला अडवावं, असं बाईंच्या मनात आलं होतं. सिनेमाची गोष्ट अर्धीच राहिली होती. पण सुटून घरी निघालेल्या माणसांना काय म्हणून थांबवायचं? पट्टेवाला खिडक्या लावायला आला, तेव्हा त्या उठल्या.