चोवीस युनिट

दहा वर्षं डॉक्टरांनी मला इन्सुलिनची भीती घातली, लहान मुलाला बागुलबुवा दाखवावा तशी. "गोळ्या वेळेवर घ्या, नाहीतर सुई लावेन." "चालणं बंद केलंत? मग सुईच." आणि एका सकाळी त्याच माणसाने माझा रिपोर्ट बाजूला सारून म्हटलं, "आता इन्सुलिन सुरू करू. त्यात घाबरायचं काय? मधुमेह जुना झाला की गोळ्या पुऱ्या पडत नाहीत. तुमचा दोष नाही." वा रे वा! हे शहाणपण दहा वर्षं कुठे ठेवलं होतं?

रोज सकाळी एकदा, दहा युनिट. दिवसभर हळूहळू काम करणारं. बाहेरच्या टेबलावरच्या मुलीने पेन दाखवलं. तिच्या पेनला सुई आधीच लावलेली होती, उघडी. तिने आकडा फिरवला, स्पंजच्या गादीत टोचलं, बटण दाबलं. "दहापर्यंत मोजायचं, झालं. कळतही नाही, मावशी." दोन मिनिटांत माझ्या हातात पिशवी आली आणि तिने पुढच्या माणसाला हाक मारली.

आणि खरंच कळलं नाही. घरी मी सुई पेनवर फिरवून बसवली, वरचं मोठं झाकण काढलं, पोटाला टेकवून बटण दाबलं. दुखलं नाही, खुपलं नाही. एवढ्याशा गोष्टीला मी दहा वर्षं घाबरले? ह्यांना हाक मारून दाखवलं. "वाघीण आहेस," हे म्हणाले. पोटावर जरा ओलं लागलं होतं, ते मी पुसून टाकलं.

मी वजनकाट्यावर काम करते. ट्रक भरलेला येतो, माल उतरवून रिकामा परत येतो, मी दोन्ही वजनं घेते आणि पावती फाडते. बावीस वर्षं झाली. ड्रायव्हर मला काटामावशी म्हणतात. कोणी सीटखाली दगड ठेवलेत, कोणी एक चाक काट्याबाहेर ठेवलंय, मला खिडकीतूनच समजतं. कोणी हुज्जत घातली की मी एकच सांगते, आकडा खोटं बोलत नाही. त्यामुळे साखर मोजायच्या यंत्रावर रोज सकाळी उपाशीपोटी दोनशे चाळीसच दिसायला लागले, तेव्हा माझीच बोलती बंद झाली.

आठवड्याने डॉक्टरांनी विचारलं, "खाता काय?" मी सगळं सांगितलं, अगदी बिनसाखरेच्या चहापर्यंत. हेही सांगितलं की इंजेक्शन घेतलं की पोटावर ओलं लागतं.

"थेंबभर गळतंच. सोळा घ्या."

सोळा घेतले. आकडा ढिम्म. पुढच्या आठवड्यात चोवीस. त्या वेळी हे शेजारच्या खुर्चीत होते. डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, ह्यांनाच सांगितलं, "लक्ष ठेवा. एवढं इन्सुलिन घेऊन साखर हलत नाही, म्हणजे तोंड चालू आहे."

झालं. त्या दिवसापासून घराची चौकी झाली. साखरेचा डबा कपाटात गेला, कपाटाची किल्ली मुलाच्या खिशात गेली. मी स्वयंपाकघरात दोन मिनिटं जास्त थांबले तर कोणीतरी पाणी प्यायला यायचंच. एका संध्याकाळी मी कामावरून आले, तर हे दारातच जवळ आले. तीस वर्षांच्या संसारात दारात कधी जवळ न येणारा माणूस! मला वाटलं, काही सांगायचंय. हे माझ्या तोंडाचा वास घेत होते.

मी चप्पलसुद्धा काढली नाही. तशीच मागे फिरले आणि रस्त्याच्या टोकापर्यंत चालत गेले. रडू येत होतं, पण रागाने.

सगळ्यात वाईट म्हणजे मी स्वतःलाही विचारायला लागले. झोपेत उठून खाते की काय मी? आकडा खोटं बोलत नाही ना?

मग मुलगा काट्यावर आला. "सहज आलो गं," म्हणाला. बाहेर काट्यावर विटांचा ट्रक उभा होता, मी पावती लिहीत होते, आणि ह्या पठ्ठ्याने माझ्या टेबलाचा खण उघडला. आत बिस्किटांचा अर्धा पुडा होता. दुपारच्या पाळीच्या माणसाचा. खण आमच्या दोघांचा आहे, हे मुलाला ठाऊक होतं.

"हे काय आहे, आई?" आवाज असा, की जणू खून उघडकीला आणलाय.

"माझं नाही ते."

"आई, पुरे आता."

खिडकीबाहेर ड्रायव्हर उभा होता. त्याने पुडा बघितला, माझ्याकडे बघितलं आणि हसत म्हणाला, "काय मावशी, तुम्हीपण खोटं वजन देता का?" चेष्टाच होती. पण दोन दिवसांनी दुसऱ्या एकाने पावती हातात घेतली आणि तिसऱ्याला म्हणाला, "बघून घे रे, मावशी हल्ली लपवाछपवी करतात." बावीस वर्षांत माझ्या पावतीवर असं कोणी बोललं नव्हतं. मला त्या मुलाच्या कानाखाली जाळ काढावासा वाटला, पोटचा असला तरी.

चौथ्या आठवड्यात डॉक्टरांनी जेवणाआधी घ्यायचं दुसरं इन्सुलिनही लिहिलं आणि ते शिकायला पाठवलं. टेबलावर या वेळी केस पिकलेली एक नर्स होती. ती म्हणाली, "नवीन नंतर. आधी रोजचं कसं घेता ते दाखवा."

मी सुई बसवली, वरचं झाकण काढलं, पदर सारून पोटाला टेकवलं.

"थांबा. हे असंच घेता?"

"रोज."

तिने माझ्या हातातून पेन घेतलं आणि दोन बोटांनी सुईवरून आणखी एक बारकं टोपण ओढून काढलं. आत सुई होती, केसासारखी. मी ती पहिल्यांदा बघत होते.

"मावशी, तुमच्या पोटात आजवर एक थेंब गेलेला नाही."

मला ओरडावंसं वाटलं. नर्स उठली आणि मला घेऊन तडक डॉक्टरांच्या खोलीत शिरली. "ह्या बाईंनी एखाद्या दिवशी चुकून टोपण काढून चोवीस घेतले असते," ती म्हणाली, "तर साखर उतरून कोसळल्या असत्या."

डॉक्टरांनी चष्मा वर केला. "असं होतं कधीकधी. परत दहापासून सुरू करा, दुसरं सध्या नको."

"ओलं लागतं हे मी तुम्हाला सांगितलं होतं," मी म्हटलं.

"बाई, मला रोज ऐंशी पेशंट असतात."

"आणि त्या ऐंशींपैकी चोर कितीजणांना ठरवता?"

नर्सने खाली बघितलं, पण ती हसत होती हे मला दिसलं.

घरी टोपण टेबलावर ठेवून मी सगळं सांगितलं. हे हसले. "एवढ्याशा टोपणाने एवढं रामायण!" मुलगा म्हणाला, "मग तेव्हाच नीट विचारून घ्यायचं ना, आई." कपाटाची किल्ली त्याने टेबलावर ठेवली. माफीचा शब्द दोघांच्याही तोंडून निघाला नाही.

दुसऱ्या दिवशी खरी सुई टोचली. मुंगी चावल्याएवढं दुखलं, आणि ते मला आवडलं. नर्स फोनवर आकडे विचारत होती, दोन-दोन युनिट वाढवत होती. तिसऱ्या आठवड्यात सकाळची साखर एकशे अठ्ठावीस आली. मी यंत्र ह्यांच्या समोर धरलं. हे बहिणीशी फोनवर बोलत होते.

"हो, आता छान आलीये साखर," हे म्हणाले. "अगं, मनावर घेतलं ना तिने. खाणं आवरलं."

मी समोर उभी होते. हातात यंत्र होतं.

"ताईंना सांगा," मी म्हटलं, "मी खात नव्हते."

ह्यांनी हाताने थांब म्हणून खूण केली.

"आत्ता सांगा."

हे जरा वैतागले, घसा खाकरला, आणि फोनमध्ये म्हणाले, "ती खात नव्हती, असं तिचं म्हणणं आहे."

पलीकडून ताईंचा समजूतदार आवाज मला स्पष्ट ऐकू आला. "असू दे रे. होतं असं सगळ्यांचं."

मी ह्यांच्या हातातून फोन काढून घेतला, बंद केला आणि परत त्यांच्या हातात दिला.

"पुन्हा लावा," मी म्हटलं. "आणि या वेळी तुमचं म्हणणं सांगा."