स्टिरिओला आलेला ताप

गाडीची किल्ली आईच्या मुठीत होती आणि तरीही गाडी गात होती. गल्लीतली माणसं एकमेकांच्या खांद्यावर चढायची तेवढी बाकी राहिली होती. ड्रायव्हरच्या सीटवर स्पर्शबाबा डोळे मिटून बसले होते, तळहात डॅशबोर्डातल्या स्टिरिओवर.

"ताप आहे," बाबा म्हणाले. "आत्म्याला ताप आहे. शंका असेल त्याने हात लावून पाहावा."

शंका कुणालाच नव्हती, पण हात सगळ्यांनी लावला. शेजारच्या शिंपीकाकांनी तर भाजलेलं बोट पदक मिळाल्यासारखं गर्दीला दाखवलं.

गाडीचा मालक, म्हणजे आईचा मुलगा, तीन महिन्यांपूर्वी हृदयविकाराने गेला होता. त्याची थोरली बहीण दुसऱ्या गावी गाड्यांच्या वायरिंगची कामं करायची. सगळे तिला ताई म्हणत. वहिनीचा फोन येताच ती हत्यारांची पिशवी घेऊन निघाली होती. भावाच्या आवडीचं गाणं कानावर पडलं आणि तिलाही क्षणभर तो गाडीत बसल्यासारखा वाटला. पण पाठोपाठ नाकात शिरला तापलेल्या प्लॅस्टिकचा वास. हा वास ती वीस वर्षं ओळखत होती.

वहिनी भिंतीला टेकून उभी होती. "अकरा दिवस झाले, ताई. त्यांची गाणी ऐकावीशी वाटली म्हणून मीच बटण दाबलं. किल्ली काढली तरी थांबेना. मग आपोआप बंद पडलं, आपोआप सुरू झालं. आता बाबा कुणाला बटण दाबू देत नाहीत. बाबा म्हणतात, मी त्यांच्या जागेवर बसते म्हणून त्यांचा जीव जळतोय. गाडी मठाला द्यायची आणि स्टिअरिंगला पुन्हा हात लावायचा नाही."

"आणि शाळेची मुलं?" भाऊ गेल्यावर मुलांना शाळेत सोडायचं त्याचं काम वहिनीनेच चालू ठेवलं होतं.

"निम्म्या घरांनी दुसरी गाडी बघितली. बाकीची मुलं पायी जातात, रोज आपल्या गाडीची वाट बघतात."

एवढ्यात गाणं तुटलं. बाबांनी मंतरलेल्या पाण्यात फडकं बुडवून स्टिरिओवर ठेवलं. "थकला बिचारा. थंडावा मिळाला की बोलेल." आणि पाचेक मिनिटांत खरोखरच गाणं सुरू झालं. आईने डोळ्यांना पदर लावला.

ताई गर्दीतून वाट काढत पुढे गेली. "बाबा, फडकं न ठेवता बोलवाल का त्याला?"

"बाई, आत्म्याची परीक्षा घेत नसतात."

"तुम्ही घेऊ नका. मी घेते. माझा भाऊ आहे."

"गप्प बस गं," आई कळवळून म्हणाली. "ऐकतोय तो."

"ऐकत असेल तर बरंच आहे, आई. त्याचं नाव घेऊन त्याच्या बायकोला घरी बसवतायत, हेही त्याला ऐकू दे."

तिने बॉनेट उघडलं. "हात लावशील तर भस्म होशील," बाबा गरजले. ताईने पाना लावला आणि बॅटरीची वायर सोडवली. गाणं अर्ध्या शब्दावर थांबलं. ताई होती तिथेच उभी होती.

"आता ठेवा तुमचं फडकं."

बाबांनी फडकं ठेवलं, पाणी शिंपडलं, ओठ हलवले. पंधरा मिनिटं गेली. "एवढा वेळ लागत नाही एरवी," शिंपीकाका हळूच म्हणाले.

"अपमान झालाय. रुसला तो."

ताईने बॅटरीकडे पाहिलं. "अकरा दिवस गाणी वाजतायत आणि गाडी तर जागची हलली नाही. बॅटरी उतरली कशी नाही?"

"बाबांचा शिष्य रोज संध्याकाळी नेतो शुद्धीकरणाला," वहिनी म्हणाली. "सकाळी आणून बसवतो."

"म्हणजे चार्ज करायला. अमर आत्म्याला रोज चार्जिंग लागतं होय, बाबा?"

मागून कुणीतरी खुदकन हसलं. ताईने स्टिरिओ बाहेर ओढला आणि मागच्या वायरी सर्वांसमोर धरल्या. "ही वायर थेट बॅटरीची, ही किल्लीची. दोन्ही पिळून एकत्र बांधल्यात, म्हणून किल्लीशिवाय चालतो. आणि ही स्पीकरची वायर. पत्र्यावर घासून हिचं वरचं आवरण गेलंय. पत्र्याला टेकते, आतलं यंत्र तापतं. फार तापलं की जळू नये म्हणून ते स्वतःच बंद होतं, गार झालं की पुन्हा सुरू. बाबा फक्त त्याला लवकर गार करत होते. एक दिवस गाडी पेटली असती, तेव्हा कुणाचा कोप म्हणाला असतात?"

वहिनीने वायरींवर गुंडाळलेल्या निळ्या पट्टीला बोट लावलं. "हे त्यांनीच बांधलंय. शाळेबाहेर थांबताना किल्ली काढून गाणी ऐकत असणार." बऱ्याच दिवसांनी ती मोकळेपणाने रडली.

ताईने घासलेली वायर बदलली, जोड सोडवून वायरी नीट लावल्या आणि बॅटरी पुन्हा जोडली. आईच्या हाताने किल्ली फिरवायला लावली. गाणं सुरू. किल्ली काढली, गाणं बंद. आईने चार वेळा करून पाहिलं, मग तळहात स्टिरिओवर ठेवला. तो जेमतेम कोमट होता.

"मुक्ती मिळाली त्याला," बाबा घाईघाईने खाली उतरत म्हणाले. "आमच्याच कृपेने."

"पान्याने मिळाली, बाबा. सगळ्यांच्या देखत," शिंपीकाका म्हणाले.

ताई गर्दीकडे वळली. "तुम्ही सगळ्यांनी हात लावून पाहिला, पण का तापलं हे एकानेही विचारलं नाही. विचारायला वायरमन असावं लागत नाही. जो विचारू देत नाही, तो काहीतरी लपवतोय एवढं कळलं तरी पुरे. आणि एखाद्या बाईने काम करावं की नाही, हे मेलेल्या माणसाच्या नावाने कुणी सांगायला लागला, तर त्याला दारातूनच परत पाठवा."

आईने पदराने सीट पुसली आणि किल्ली सुनेच्या हातात दिली.

"शाळा सुटायची वेळ झाली," ती म्हणाली. "जा, मुलं वाट बघत असतील."