न झाडलेलं घर

त्या गावात ताटं पालथी मांडत. पेलाही पालथाच. वाढणारी पातेलं घेऊन समोर आली की मगच ताट सुलटं करायचं. लग्न होऊन आली तेव्हा सूनबाईला वाटलं, असेल या घरची काहीतरी रीत. दुसऱ्याच दिवशी कळलं, रीत कसली, गावाच्या टोकाला डोंगर फोडणारा क्रशर आहे. दगडाची खडी होते ती ट्रकमधून जाते, आणि खडी होत नाही ती भुकटी न बोलावता प्रत्येकाच्या पंगतीला येऊन बसते.

आधी हा क्रशर शहराच्या जवळ होता. तिथल्या लोकांनी ओरड केली, मुलं खोकतात म्हणून. मग तो उचलून इथे आणला. इथली मुलं खोकली तर शहरात ऐकू जात नाही.

सासूबाईंचं त्या भुकटीशी उभं वैर होतं. सकाळी झाडू, दुपारी ओलं फडकं, संध्याकाळी पुन्हा झाडू. गावात त्यांना आरसेकाकू म्हणत, कारण त्यांच्या फरशीत तोंड दिसायचं. त्यांचा मुलगा, म्हणजे सूनबाईचा नवरा, क्रशरवरच लोडर चालवायचा. त्याला फाटकापाशी उभं करून त्या कपडे झटकायला लावत. पुढून, मागून, मग खिसे उलटे करून.

"आई, मी तुझा मुलगा आहे की सतरंजी?"

"सतरंजी बरी. ती उलटून बोलत तरी नाही."

यावर सगळ्यात जास्त हसायची ती चिमणी. सूनबाईची लेक, पाचवं लागलेली. पण हसताना मध्येच तिचा श्वास अडकायचा आणि छातीतून बारीक शिट्टी यायची. ती शिट्टी सूनबाईला स्वयंपाकघरातूनही ऐकू यायची, नळ चालू असला तरी. हातातलं काम तसंच टाकून ती धावायची, लेकीला मांडीवर उभी धरायची, पाठीवरून हात फिरवत राहायची. दवाखान्यातली सिस्टर आठवड्यातून एकदा यायची आणि तेच सांगायची, "औषध देतेय, पण हिला धुळीपासून लांब ठेवा."

"लांब म्हणजे कुठे, सिस्टर? कपाटात?"

सिस्टर बिचारी पुढच्या घराकडे वळायची. तिलाही खोकला होता.

अशात बातमी आली की दुसरा क्रशर बसतोय, आणि तोही यांच्या मागच्या भिंतीला लागून असलेल्या माळावर. परवानगीआधी शहरातून साहेब येणार, गावात फिरून घरं बघणार. सूनबाईने चिमणीला जवळ ओढलं. एका क्रशरने लेकीची ही गत केली होती. दुसरा उशाशी आला तर?

दोन दिवसांनी मॅनेजर टेम्पो घेऊन गल्लीत आला. टेम्पोत नवे झाडू आणि लाल बादल्या. "कंपनीतर्फे भेट! काकू, तुमच्या घराकडे बघूनच मी साहेबांना सांगतो, असं स्वच्छ गाव शोधून सापडायचं नाही." सासूबाईंची कळी खुलली. बायकांची झुंबड उडाली. कोणाला दांडा लांब हवा, कोणाला बादलीचं झाकण हवं.

सूनबाई मात्र झाडू हातात धरून उभीच राहिली. मागच्या तपासणीआधीही त्याने असेच झाडू वाटले होते. त्याच्या आधीही. धूळ आवरायला या माणसाकडे टँकरभर पाणी नव्हतं, पत्र्याचं साधं कुंपण नव्हतं. झाडूंना मात्र कधीच तोटा नव्हता.

"आई," ती घरात येऊन म्हणाली, "साहेब येईपर्यंत झाडायचं नाही."

सासूबाईंनी तिच्या कपाळाला हात लावून बघितला. "ताप नाही. मग हे काय?"

"आपण दर वेळी झाडून ठेवतो आणि साहेब येऊन बघतात तर काय, धूळच नाही. त्यांचं केलेलं आपणच निस्तरतो, तेही ते यायच्या आधी."

"म्हणजे मी घाणीत पाहुणा बसवू? अख्ख्या गावासमोर? माझी सासू वर बसून बघत असेल, तिला काय तोंड दाखवू?"

"तोंड काय दाखवायचं? तिला धुळीतून दिसणारच नाही."

सासूबाईंना हसू आलं होतं, पण ते गिळून त्यांनी नवा झाडू उचलला आणि तावातावाने पडवी झाडायला घेतली. उन्हाच्या तिरिपेत धूळ भसाभस वर आली. दारात खेळत बसलेली चिमणी आजीकडे बघून काहीतरी सांगायला गेली, आणि शिट्टी सुरू झाली. मग शिट्टीही थांबली. तोंड उघडं, ओठ निळसर, आवाज नाही.

सूनबाईने झेप घेऊन तिला उचललं, बाहेर नेलं, औषधाचा पंप तोंडाला लावला. "घे, माझी राणी, ओढ आत. अजून एकदा. हं, अशी." किती वेळ गेला कोण जाणे. अखेर लेक रडली, आणि आई तिला घट्ट धरून तिथेच पायरीवर बसली.

सासूबाई पडवीत तशाच उभ्या होत्या. मग हातातल्या झाडूकडे जणू कोणी परकं माणूस असावं तसं बघून त्यांनी तो माळ्यावर फेकला. चिमणीच्या खेळण्याची जागा तेवढी ओल्या फडक्याने पुसून घेतली. बाकीच्या घराला हात लावला नाही.

"शेजारणींना मी सांगते," त्या म्हणाल्या. "तुझं ऐकायच्या नाहीत. तू अजून नवीन आहेस."

सूनबाईच्या लग्नाला सात वर्षं झाली होती.

साहेब आले त्या दिवशी क्रशर बंद होता आणि रस्त्यावर पाण्याचा सडा पडला होता. हवा कशी अगदी निवळशंख. पण आरसेकाकूंच्या घरात टेबल, खिडक्या, उशा, सगळं राखाडी. चिमणीने टेबलावर बोटाने मांजर काढून ठेवलं होतं, मिशांसकट. मॅनेजरचा चेहरा खर्रकन उतरला. खिशातून रुमाल काढून तो घाईघाईने खुर्ची पुसायला वाकला.

"राहू द्या हो," सासूबाई म्हणाल्या. "आमचं घर तुम्ही कशाला पुसता? बसा, साहेब."

साहेबांची पँट पांढरी होती. ते क्षणभर घुटमळले, पण बसले. "मागच्या अहवालात या गल्लीतली घरं स्वच्छ आढळल्याची नोंद आहे," ते कोरडेपणाने म्हणाले.

"आढळणारच. मी झाडली होती. माझी कंबर मोडून केलेली स्वच्छता तुम्ही यांच्या नावावर लिहिलीत."

"एकाच घरावरून काही ठरत नसतं—" मॅनेजरने तोंड घातलं.

"मग शेजारी चला," सूनबाई म्हणाली. "दोन घरं सोडली तर गल्लीत कोणी झाडलेलं नाही. आणि साहेब, ही माझी मुलगी. हिच्या छातीला कान लावा. तिथे कोणालाच झाडता येत नाही."

 साहेब वाकले, आणि चिमणीनेही मोठ्या ऐटीत छाती पुढे काढली. बराच वेळ ते तसेच कान लावून राहिले.

मॅनेजर सासूबाईंच्या कानाशी आला. "काकू, मुलगा आमच्याकडेच आहे ना कामाला? जरा विचार करा."

फाटकात नवरा उभा होता, बंद क्रशरखाली साचलेली भुकटी लोडरने उपसून आलेला. सवयीने तिथेच थांबलेला, हात शर्ट झटकायला उचललेला. सूनबाईचा जीव टांगणीला लागला. नोकरी गेली तर चूल कशी पेटायची, हे तिलाही कळत होतं.

"आत ये रे," सासूबाई म्हणाल्या. "झटकू नकोस."

तो थबकला. मॅनेजरकडे बघितलं, मग लेकीकडे. आणि लग्नानंतर पहिल्यांदाच तसाच, डोक्यापासून पायापर्यंत पिठात लोळल्यासारखा, आपल्या आईच्या घरात चालत आला आणि तिच्या शेजारी उभा राहिला. "साहेब, रोज असाच येतो मी," तो म्हणाला. "क्रशर चालू असताना या. न सांगता या."

साहेब उठले. पँटच्या मागे राखाडी गोल उमटला होता. हात आपसूक तिकडे गेला.

"तुम्हीही झटकू नका," सूनबाई म्हणाली.  "असेच ऑफिसात जा. कोणी विचारलं तर सांगा, कुठे बसला होतात."

साहेबांचा हात तसाच राहिला. मग त्यांनी तो खाली घेतला. "धूळ मोजायचं यंत्र या घराच्या गच्चीवर बसेल," ते मॅनेजरला म्हणाले. "तोवर दुसऱ्या क्रशरचं नाव काढू नका." आणि अख्ख्या गल्लीसमोरून तो राखाडी गोल मिरवत ते गाडीकडे गेले. मागून रुमाल घेऊन मॅनेजर.

दार लागल्यावर सासूबाई खुर्चीत बसल्या आणि दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले.

"काय झालं, आई?"

"हात शिवशिवतायत गं. आता तरी झाडू?"

"यंत्र येईपर्यंत नाही."

"निदान ते मांजर?"

"त्याला हात लावायचा नाही हं, आजी!" चिमणी खेकसली आणि एकदा शिट्टी वाजवून पुन्हा हसायला लागली.

सासूबाईंनी सुस्कारा सोडला. मग काहीतरी सुचून उठल्या, माळ्यावरचा नवा झाडू खाली ओढला आणि बाहेर निघाल्या.

"कुठे निघालात?"

"क्रशरच्या फाटकात खोचून येते. ज्याची धूळ त्याने झाडावी."

सूनबाईने चिमणीला कडेवर घेतलं, कोपऱ्यातली लाल बादली उचलली आणि त्यांच्या मागोमाग निघाली.