रंगमास्तर साबण बदलत बसले

मित्रांनो, मी पित्ताम्लाचा एक जुना कण आहे आणि आज भयंकर चिडलेला आहे. जुना म्हणजे पंधरा-वीस दिवसांचा. आमच्यात एवढं टिकलं तरी खूप. कापड रंगवण्याच्या कारखान्यातल्या एका रंगमास्तरांच्या यकृतात माझा जन्म झाला. यकृत माझी आई. तिनं मला कोलेस्टेरॉलपासून घडवलं. मास्तर जेवले की मी पित्ताशयातून आतड्यात उतरायचो, चरबी फोडायचो आणि रक्तातून परत आईकडे यायचो. दिवसातून अशा पाच-सहा खेपा. कौतुक कुणी केलं नाही. पोटात जळजळ झाली की मात्र माझ्या नावानं बोटं मोडतात; ते आम्ल जठराचं, माझं नव्हे.

एक दिवस पित्ताशयातला खडा घरंगळला आणि पित्तनळीत बूच मारल्यासारखा बसला. माझी वाट बंद. मी आईच्या घरातच तुंबलो. चरबी फोडणं हे माझं काम, आणि पेशींचं आवरणही चरबीचंच. जिनं घडवलं तिलाच मी पोळायला लागलो. तिच्या पेशी मरत होत्या आणि मला थांबता येत नव्हतं.

आमच्यातले कित्येक रक्तात सांडले. मास्तरांचे तळहात-तळपाय खाजायला लागले. बायको म्हणाली, "अहो, डॉक्टरांना दाखवून या."

"पंचवीस वर्षं रंगात हात आहेत माझे. नवा पिवळा माल आलाय, त्याची खाज आहे. साबण बदलला की जाईल."

तीन साबण झाले. लघवी गडद झाली, तर म्हणे पाणी कमी पडलं. डोळे पिवळे झाले, तर म्हणे रंगाची पूड उडाली. डोंबल पूड! माझ्याबरोबर तुंबलेला पित्ताचा रंग होता तो. एक छटा चुकली तर अख्खा गठ्ठा परत पाठवणारा हा माणूस, याला स्वतःचा डोळा दिसेना. माझ्या अंगाची लाहीलाही झाली.

मास्तर कुठलीही छटा खिडकीच्या उजेडात, पांढऱ्या कापडाच्या पट्टीशेजारी धरूनच तपासत. नवव्या दिवशी बायकोनं ती पट्टी त्यांच्या खिशातून काढली, त्यांना खिडकीशी उभं केलं, पट्टी डोळ्याखाली धरली आणि हातात आरसा दिला.

"सांगा आता, माल पास की नापास?"

मास्तरांनी आधी पट्टी पाहिली, मग डोळा पाहिला. मग हळूच म्हणाले, "चप्पल कुठे आहे माझी?"

डॉक्टरीणबाईंनी त्यांना चांगलंच फैलावर घेतलं. "आणखी अंगावर काढलं असतं, तर यकृताला कायमचे व्रण पडले असते," त्या म्हणाल्या. तोंडावाटे दुर्बीण घालून त्यांनी खडा काढला आणि वाट मोकळी झाली.

आतड्यात फेरी मारून मी परतलो तेव्हा सुजलेल्या आईनं मला पुन्हा जवळ ओढलं आणि कामाला पाठवलं. सोसत राहायची खोडच आहे तिला, आणि त्याचाच तुम्ही फायदा घेता.

तेव्हा मित्रांनो, अंगाला खाज सुटली आणि डोळ्यांत पिवळेपणा दिसला, तर साबणाच्या दुकानात नाही, दवाखान्यात जा. आपल्याच आईला पोळणं काय असतं ते मी भोगलंय. पुन्हा माझ्याकडून ते करवून घेऊ नका.