एक लांब, एक आखूड

केरबानं एकतीस वर्षं माथेरानच्या गाडीवर नोकरी केली आणि बायकोला एकदासुद्धा त्या गाडीत बसवलं नाही, ही सोनूबाईची तक्रार अख्ख्या उचगावला तोंडपाठ होती. दळणाला गेली तरी ती हे सांगायची, मयताला गेली तरी सांगायची. साऱ्या मुंबईनं त्या गाडीत बसून वडे खाल्ले, गोऱ्या लोकांनी फोटो काढले, आणि लग्नाची बायको इकडं शेणाच्या पाट्या उचलत राहिली. का, तर म्हणे ड्यूटीवर घरचं माणूस नको; नजर ब्रेकवरनं उठून तिच्याकडं जाते. "एवढी कुठली देखणी लागून गेले मी," असं म्हणून ती पदर झटकायची. पण तेवढ्यापुरता तिचा आवाज मऊ पडायचा, हेही उचगावला ठाऊक होतं.

न बसताच तिला त्या गाडीचं सगळं पुराण मात्र पाठ झालं होतं. केरबा रजेवर आला की अंगणात त्याची गाडी सुटायची. नेरळ सोडलं की जुम्मापट्टी, मग वॉटरपाइप, मग अमन लॉज, मग माथेरान. इंग्रजांच्या अमदानीत एका बोहरी शेठच्या लेकानं बापाच्या पैशावर हा दोन फुटी रूळ डोंगराला गुंडाळला आणि १९०७ साली गाडी वर नेली. डोंगराशी भांडला नाही, त्याला वळसे घालत घालत गेला. सबंध वाटेत बोगदा एकच, तोही इतका आखूड की साहेबलोकांनी त्याला मुक्याचा बोगदा म्हटलं. एक मुका घेईपर्यंत संपतो म्हणून. हे सांगताना केरबा सोनूबाईकडं बघायचा नाही, चुलीकडं बघायचा. धावती गाडी सोडून माणसं खाली उतरून रानफुलं तोडायची आणि पुढच्या वळणावर परत चढायची, असंही तो सांगायचा. ते सोनूबाईला खोटं वाटायचं आणि तेच तिला सगळ्यात आवडायचं.

पण केरबाला खरा अभिमान उताराचा. चढताना इंजिनाची परीक्षा, उतरताना माणसाची, असं तो म्हणायचा. डब्याला हाताचा ब्रेक आणि त्या ब्रेकला एक माणूस. तो माणूस म्हणजे केरबा. ड्रायव्हरनं तीन आखूड शिट्या दिल्या की आवळायचं, एक लांब आणि एक आखूड दिली की सोडायचं. मधल्या वेळात पब्लिक रडो, ओरडो, पाया पडो. "पब्लिकचं ऐकणारा गाडी दरीत घालतो," हे त्याचं ठरलेलं वाक्य. सोनूबाईनं ते इतक्यांदा ऐकलं होतं की तो तोंड उघडायच्या आत ती ते पुरं करायची.

यंदा पावसाळा सरून गाडी पुन्हा सुरू झाली तसा केरबा स्वतःहून म्हणाला, जाऊ. तू खिडकीला बस, मी नुसता पॅसेंजर. सोनूबाईनं मान वळवून घेतली, पण ट्रंकेतलं हिरवं लुगडं वर काढून ठेवलं.

आणि त्याच आठवड्यात, मंगळवारी सकाळी दहाला केरबाच्या हातातली कपबशी खाली पडली. तोंड वाकडं झालं, उजवं अंग लुळं पडलं. थोरला लेक संघर्ष त्याला गाडीत घालून पळाला. पहिल्या दवाखान्यात डॉक्टर नव्हता, दुसऱ्यात मशीन नव्हतं. तिसऱ्यात पोचेपर्यंत एक वाजून गेला होता. तिथल्या डॉक्टरीणबाईनं सांगितलं ते सोनूबाईला नीट कळलं, कारण त्यात कळायला अवघड काही नव्हतं. मेंदूत गुठळी आहे. ती विरघळवायचं इंजेक्शन आहे. पण झटका आल्यापासून साडेचार तासांच्या आत, म्हणजे अडीचच्या आत ते द्यायला हवं. आधी खाली तळघरात नेऊन डोक्याचा फोटो काढायचा. आणि बीपी फार चढलेलं असलं तर देता येत नाही, डोक्यात रक्त फुटतं.

लिफ्ट सकाळपासून बंद होती. म्हणून स्ट्रेचर उतरणीवरून न्यायचं ठरलं. दोन वॉर्डबॉय मामांनी ते धरलं, संघर्ष पायाशी, सोनूबाई मागं. चाकं उताराला लागली मात्र, केरबाचा डावा हात सुटला आणि भिंतीकडच्या लोखंडी पाइपवर बसला. स्ट्रेचर तिरपं होऊन थांबलं.

पहिल्यांदा सगळे हसल्यासारखं बोलले. आजोबा, सोडा. मग जोर लावला. संघर्ष एकेक बोट उचलायचा, दुसरं उचलेपर्यंत पहिलं बसायचं. बहात्तर वर्षांचा माणूस, अर्धं अंग गेलेला, आणि पंजा असा की जणू पाइपालाच फुटलेला. डॉक्टरीणबाई धावत आली, दंडाला पट्टा बांधून बघितलं आणि तिचा चेहरा उतरला. ओढाओढ करू नका, म्हणाली, बीपी चढतंय. असंच चढलं तर इंजेक्शन देता येणार नाही. भिंतीवरच्या घड्याळात पावणेदोन झाले होते.

सोनूबाईनं आधी शिव्या घातल्या. मग समजावलं. मग जन्मात कुणापुढं केलं नव्हतं ते केलं, हात जोडले. सोडा की वो, म्हणाली, तुमच्या पाया पडते, सोडा. केरबाच्या तोंडून नुसता घशातला आवाज येत होता. संघर्ष भिंतीला टेकून रडायला लागला. चाळीसेक माणसं उतरणीवर अडकली होती आणि घड्याळ कुणासाठी थांबत नव्हतं.  सोनूबाई खाली बसली आणि तिनं कपाळ त्याच्या मुठीला टेकवलं.

केरबाला जे दिसत होतं ते तिथनं तिला दिसलं. पायांच्या पलीकडं उतार. खाली करडी भिंत आणि भिंतीशी आंधळं वळण.

तो भ्यालेला नव्हता. तो ड्यूटीवर होता. आणि सोडा सोडा म्हणून ओरडणारे ते सगळे, ती धरून, पब्लिक होते.

लहानपणी हातकणंगल्याकडं लोकांच्या म्हशी राखताना सोनूबाई शिट्टी घालायची. तळ्यावर म्हशी शिट्टीशिवाय पाण्याला तोंड लावत नसत. लग्न होऊन आली त्या आठवड्यात सासूनं, धोंडुबाईनं, बजावलं होतं की ह्या घरात बाई शिट्टी मारत नाही. पुढं तेच सोनूबाईनं आपल्या सुनेला, निशाला, बजावलं होतं, अगदी त्याच शब्दांत.

तिनं दोन बोटं जिभेखाली घातली. नुसती हवा आली. तोंडाला भीतीनं कोरड पडली होती. मागं कुणीतरी फिसकन हसलं. संघर्षला वाटलं, आईचं डोकं फिरलं. त्यानं तिचा खांदा धरला. तिनं तो झटकला, ओठ चाटले, डोळे मिटले आणि पुन्हा फुंकलं.

एक लांब. एक आखूड.

 केरबाची करंगळी हलली. मग तिच्या शेजारचं बोट. एकदम नाही सोडला त्यानं. भरली गाडी सोडतात तसा हळूहळू, अंदाज घेत सोडला. स्ट्रेचर सरळ झालं. खालच्या वळणावर हात पुन्हा वर आला तशी तिनं पुन्हा शिट्टी घातली. पुढचा मामा मान न वळवता म्हणाला, "आज्जी, बंद करू नगा. गाडी लायनीत हाय."

फोटो झाला, बीपीही उतरलं, आणि इंजेक्शन दोन वाजून वीस मिनिटांनी सुरू झालं. डॉक्टरीणबाई म्हणाली, आम्ही आमचं केलं, आता चोवीस तास बघायचं. काहीजण उठून चालतात, काहीजण नाही. ती खोटं बोलत नव्हती, म्हणून तिच्यावर रागावताही येईना.

चार वाजता त्यांनी सोनूबाईला एकटीला आत सोडलं. केरबा डोळे मिटून पडला होता. नळ्या होत्या, यंत्र टिकटिकत होतं, तोंड तसंच वाकडं होतं. डावा हात मात्र खाटेच्या दांडीवर गच्च. नर्स म्हणाली, काही केल्या सोडत नाहीत, तुम्ही सोडवा. सोनूबाईनं तिला हातानंच थांबवलं. स्टूल ओढलं, त्या मुठीवर आपला हात ठेवला आणि कानाशी वाकून बोलली.

"अवो, ऐका. एकतीस वर्षं बायकोला गाडीत बसवलं न्हाईसा, ह्यो गुन्हा तुमच्या नावावर हाय आन् त्याला माफी न्हाय. आज ब्रेक लावलासा, त्योबी चुकीच्या गाडीला. पर हात पक्का हाय तुमचा, एवढं मी मानते. तर आता ह्यो हात सोडायचा न्हाय. डॉक्टर सांगू दे, यम सांगू दे, पब्लिकचं ऐकायचं न्हाय. मी शिट्टी देईन तवाच सोडायचा. आन् मी काय देणार न्हाय."